सहाशेची खूण

पेपरात छापून आलं होतं,
पाण्यासाठी पळता पळता पळायला शिकली.
खोटं.
डोक्यावर हंडा घेऊन कोणी पळत नाही, हिंदकळतो.
मी शिकले आश्रमशाळेत, जेवणाच्या घंटेला;
उशिरा पोचलं की करपलेला भात.

अहिरराव सरांनी पेठहून नाशकात आणलं.
हिरावाडीत एका खोलीत आम्ही पाचजणी,
दोरीवर पाच जोड मोजे, कोणाचे कुठले कळेनासे.
पहाटे चामर लेण्यांचा चढ,
दहा वेळा, आणि दहावा संपला की सर म्हणायचे,
चला, आता मोजायला सुरुवात करू.
डिसेंबरात मखमलाबादच्या बागांत
द्राक्षांना ऊब म्हणून शेकोट्या पेटायच्या.
धूर आमच्या छातीत.
घड्याळ कारणं ऐकत नाही.

आठशे मीटर म्हणजे दोन फेऱ्या.
पहिली सगळ्यांना येते.
दुसरीत, सहाशेच्या खुणेपाशी,
शेवटच्या वळणाच्या तोंडाला,
जिथं कुंपणापलीकडल्या टाकीची सावली पडते,
तिथं पाय दुसऱ्याचे होतात.
उसन्या पायांवर जी पुढे जाते, ती जिंकते.

मिळालं काय, सांगते.
गावोगावच्या शर्यतींत चार मिक्सर, एक सायकल, शिलाई मशीन.
कुकर मोजले नाहीत.
घरात तेव्हा वीज नव्हती.
मिक्सर फळीवर ओळीनं, आई दर बाजारच्या दिवशी पुसायची;
एकेक करून बहिणींच्या लग्नांत गेले.
मग रेल्वेत नोकरी, मनमाडला, तिकीट तपासायची.
विनातिकीट पळणाऱ्यांना मी धरायचे.
बिचारे, बहुतेक शंभर मीटरवालेच.

हिमोग्लोबिन आठ. लोहाच्या गोळ्या, नागलीची भाकर.
डाव्या नडगीला केसाएवढा तडा:
एक अख्खं वर्ष भिंतीवरची पाल
माझ्यापेक्षा जास्त चालली.
आणि मग पतियाळाला, दोन मिनिटं चार सेकंद एकतीस.
हवे होते दोन चार शून्य.
लोक म्हणायचे, अगं, एवढंसंच?
पापणी लवते तेवढं.
मी तीन दिवस जेवले नाही.
नंतर अकरा वर्षं त्या पापणीत राहिले.

गेल्या फेब्रुवारीत सर म्हणाले,
वनिताला सहाशेपर्यंत ने. मग बाजूला हो.
वनिता धूम, सुरगाण्याची, एकोणीस पुरी नाहीत.
पायात माझेच जुने स्पाइक्स, एक नंबर मोठे,
पुढे कापसाचे बोळे.

घंटा एकसष्टला.
मागे तिचा श्वास, ओळखीचा,
मीच शिकवलेला, दोन आत, दोन बाहेर.
ब्याण्णवला टाकीची सावली आली
आणि मी डावीकडे गवतावर उतरले.

ते वळण मी पहिल्यांदाच उभ्यानं पाहिलं.
केवढंसं आहे ते.
तिच्या पाठीवरचा नंबर एका पिनेवर फडफडत
लांब गेला, लहान झाला,
आणि माझे पाय, हे माझेच,
थांबल्यावरही थरथरत राहिले
रेल्वे गेल्यावर फलाट थरथरतो तसे.

दोन चार शून्य दोन.
मी पोचेस्तोवर ती पालथी पडलेली, खांदे हलताना दिसले.
बसले शेजारी. काय बोलावं, जुळवत होते,
अकरा वर्षांत एक वाक्य तयार झालं नव्हतं.
तर ती हसत होती.
ताई, म्हणाली, बोळा सरकला आत,
बोटांना गुदगुल्या होत होत्या शेवटपर्यंत.

संध्याकाळी एम. जी. रोडला गेलो, नवे घ्यायला.
दुकानदारानं स्टूल सरकवलं, विचारलं, कोणाला?
मी चप्पल काढून पाय पुढे केलाच होता.